सात इंची की बारा इंची?
मायनर थ्रेट या अमेरिकी बँडची १९८१ ची पहिली सात इंची रेकॉर्ड म्हणजे आठ गाणी. ऐकता ऐकता बाजू पालटायची वेळ होते, बसायला उसंतच नाही. हार्डकोर पंक, म्हणजे पंक रॉकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार, ऐकावा तो असाच, उभ्याउभ्या. त्याच वर्षीची दुसरी सात इंची जोडून डिस्कॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने १९८४ मध्ये बारा इंची काढली. बारा गाणी, एकच तबकडी. बाहेरून मागवताना टपालखर्च एकदाच पडतो.

पण नागपूरचा मे महिना! पारा ४५ ला टेकला की एकावर एक रचलेल्या मोठ्या तबकड्या वाकतात, सुई वरखाली डुलताना दिसते. दोन्ही उभ्याच ठेवा, स्लॅबखालच्या तापत्या खोलीत नकोत. कूलरसमोर तर मुळीच नकोत, कव्हरं सादळतात. पहिल्यांदा घेत असाल तर बारा इंचीच घ्या. माझा जीव मात्र सात इंचीवर.