कार्बन, रेझिन, आरओ की ओझोन? पाण्यातल्या नव्या रसायनांसाठी निवड करताना

टीडीएस मीटरचा आकडा उतरला म्हणून पाणी निर्धोक झालं असं मानून कोणतीही यंत्रणा घेऊ नका. हे मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, तोही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएस (फ्लोरीन असलेल्या, सहजी न विघटणाऱ्या कृत्रिम) रसायनांसाठी अमेरिकेने 2024 मध्ये ठरवलेली मर्यादा प्रत्येकी लिटरमागे 4 नॅनोग्रॅम आहे, म्हणजे मीटरच्या मापाच्या दहा लाख पट बारीक. त्यामुळे पहिला खर्च तपासणीवर करा.

तपासणीचे दोन प्रकार आहेत. ठरलेल्या यादीतली रसायनं शोधणारी एलसी-एमएस/एमएस चाचणी नेमकं प्रमाण सांगते, पण यादीबाहेरचं तिला दिसत नाही. हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्रीवरचा मुक्त शोध अनोळखी रेणूही पकडतो, मात्र त्यातून प्रमाण ढोबळच कळतं आणि निष्कर्ष काढायला जाणकार लागतो. यंत्रणा निवडायची असेल तर आधी यादीवाली चाचणी करा. जवळपास कारखाना किंवा कचरा डेपो असेल तर मुक्त शोधही करून घ्या. पीएफएएसचा नमुना टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाच्या बाटलीत घेऊ नये, पॉलिप्रोपिलीनची बाटली चालते. सोबत शुद्ध पाण्याची कोरी बाटलीही प्रयोगशाळेत जायला हवी, नाहीतर हाताळताना मिसळलेलं रसायन पाण्यातलंच समजलं जाईल.

बहुतेकांची खरी निवड कार्बन आणि रेझिन यांच्यात असते. दाणेदार सक्रिय कार्बन लांब साखळीचे (जास्त कार्बन अणूंचे) पीएफएएस, कीटकनाशकं आणि बरीचशी औषधं धरून ठेवतो. पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे सेंद्रिय अंश जास्त असतील तर तेच कार्बनवरची जागा अडवतात. चार कार्बन अणूंच्या पीएफबीएसारखे आखूड रेणू लवकर निसटतात. इतकंच नव्हे, मागून येणारे लांब रेणू त्यांना ढकलून काढतात, आणि काही काळ बाहेरच्या पाण्यात आखूड रेणूंचं प्रमाण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त भरतं! म्हणून दोन टाक्या एकामागोमाग लावून मधल्या नळातून नमुना घेत राहणं मला अत्यावश्यक वाटतं. एका टाकीवर भागवायला सांगणारा प्रस्ताव मी तरी नाकारेन.

आयन-विनिमय रेझिन, म्हणजे भारित कण धरणारे प्लास्टिकसारखे बारीक मणी, ऋणभारित पीएफएएस विद्युतभारामुळेही ओढून घेतं. कार्बनला साधारण दहा मिनिटांचा संपर्क लागतो, रेझिनचं दोन-तीन मिनिटांत भागतं, त्यामुळे टाकी लहान होते. आखूड रेणूंपैकी अनेकांवर ते कार्बनपेक्षा बरं चालतं. पण भार नसलेली औषधं त्याच्या हाती फारशी लागत नाहीत, नायट्रेट आणि सल्फेट स्पर्धा करतात, आणि एकदाच वापरायचं रेझिन शेवटी जाळावं किंवा पुरावं लागतं. कार्बन भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो. पाणी स्वच्छ आणि दोष फक्त पीएफएएसचा असेल तर रेझिन; औषधं, कीटकनाशकं सगळंच थोडंथोडं असेल तर कार्बन.

आरओ सर्वांत व्यापक. घरात फक्त पिण्या-स्वयंपाकापुरतं पाणी हवं असेल तर माझा कौल त्यालाच. मात्र आरओ रसायन नष्ट करत नाही, सांडपाण्यात दाट करून सोडतो. मोठ्या केंद्रासाठी हा गंभीर प्रश्न आहे. एनडीएमए या नायट्रोसामाइनसारखे लहान, भाररहित रेणू आरओच्या पटलातून बऱ्यापैकी पार होतात.

ओझोन कार्बामाझेपिन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं झपाट्याने तोडतो. पीएफएएसपुढे तो निष्प्रभ आहे, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार करतो, ज्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. 1,4-डायॉक्सेन हे औद्योगिक द्रावक सापडलं तर कार्बन आणि रेझिन दोन्ही बाजूला ठेवा. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडसह तीव्र अतिनील प्रकाश लागतो. घरगुती यंत्रातला अतिनील दिवा जंतूंसाठी असतो, या कामाला तो पुरत नाही. उकळण्याने पीएफएएस जात नाहीत. पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं.

विक्रेत्याकडून तुमच्या पाण्यावरच्या छोट्या चाचणीचे आकडे मागा, आणि किती पाणी गेल्यावर माध्यम (कार्बन किंवा रेझिन) बदलायचं हे करारात लिहून घ्या. आखूड साखळीच्या रेणूंचे आकडे वेगळे दाखवलेले नसतील तर सही करू नका.