कमजोर ड्राफ्टचे रूकी बघायला लीग पास घ्यावा का? सीझनभर बघून लिहालोय

एनबीए (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) च्या मॅच पैसे भरून बघायचं ॲप म्हणजे लीग पास, तो घ्यायचा का नाही हा प्रश्न आमच्या सोलापूरच्या बास्केटबॉलवाल्या ग्रुपवर दर ऑक्टोबरला येतोच, पण 2024 ला त्याच्यावरून खरी भांडणं झाली. कारण त्या वर्षीचा ड्राफ्ट सगळ्यांनी आधीच कंडम ठरवून टाकलेला. ड्राफ्ट म्हणजे टीमनी नंबराप्रमाणे नवीन पोरं निवडायची, आणि पहिल्याच सीझनला खेळणारं पोरगं म्हणजे रूकी. "औंदा कशाला पैसे घालवालास बे, रूकीच बेक्कार आहेत" हे मला किमान चार जणांनी ऐकवलं, त्यात आमचे आण्णा पण होते जे आमच्यापेक्षा वयाने मोठे, कॉलेजच्या काळात युनिव्हर्सिटीकडून खेळलेले आणि बास्केटबॉलवर त्यांचा शब्द आम्ही सहसा मोडत नाही. मी तरी घेतला, आणि मुद्दाम रूकी बघायलाच घेतला. कुणाला पुढच्या सीझनला घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर टाकालोय.

आधी ॲपचं बोलतो, ते लवकर संपेल. मॅच पूर्ण बघता येते, किंवा मधली थांबाथांबी काढून टाकलेली छोटी मॅच बघता येते, घरच्या टीमची कॉमेंट्री का पाहुण्या टीमची ते निवडता येतं, आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे स्कोअर लपवायची सेटिंग आहे. ही सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा. आपल्याकडे हिवाळ्यात न्यूयॉर्क बाजूच्या मॅच पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतात, टेक्सास बाजूच्या साडेसहाला आणि लॉस एंजेलिसच्या तर सकाळी आठ-नऊला, म्हणजे ज्याला कामावर जायचंय, दुकान उघडायचंय, पोरांना शाळेत सोडायचंय त्याने लाईव्ह बघायचं विसरायचं. मी रात्री जेवण झाल्यावर छोटी मॅच लावायचो, मोबाईलवर नाही तर टीव्हीला जोडून, आणि रूकी कोर्टवर असेल तेवढा भाग मागे-पुढे करून परत बघायचो. ह्या कामासाठी ह्याच्यासारखी सोय दुसरी नाही, हे मी मनापासून सांगतो. मराठीत कॉमेंट्री आली तर काय मजा येईल, पण ते असो.

आता मुख्य भांडणाकडे.

2024 चा ड्राफ्ट कमजोर का म्हणत होते ते आधी समजून घ्या, कारण लोक उगाच बोलत नव्हते. 2023 ला व्हिक्टर वेम्बन्यामासारखा सगळ्या टीमना हवा असलेला पोरगा येऊन गेलेला, 2025 ला तसाच कूपर फ्लॅग येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मधल्या वर्षात असा एकही पोरगा नव्हता की ज्याच्यासाठी एखादी टीम सगळा सीझन हरायला तयार होईल (हरणाऱ्या टीमला वरचा नंबर मिळायचा चान्स जास्त असतो). पहिला नंबर कोणाचा ह्याच्यावर शेवटपर्यंत एकमत नव्हतं. पहिला नंबर कुठल्या टीमला हे लॉटरीवर ठरतं, ती लागली अटलांटा हॉक्सला, ते पण फक्त 3 टक्के चान्स असताना, आणि त्यांनी घेतला झकारी रिसाशे, फ्रान्सचा. दुसऱ्या नंबरला वॉशिंग्टनने अलेक्स सार घेतला, तो पण फ्रान्सचाच, आणि सहाव्याला शार्लटने तिजान सलाऊन, तो पण फ्रान्सचा. आपल्याकडे 27 जूनची पहाट होती ती. ग्रुपवर तेव्हाच सुरू झालेलं, की अमेरिकेतली कॉलेजची पोरं एवढी पडेल आहेत का की पहिले दोन्ही नंबर बाहेर गेले.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि सीझन बघून अजून पक्कं झालं: ड्राफ्ट कमजोर आहे म्हणजे वरच्या दोन-तीन जागा कमजोर आहेत, एवढंच त्यातून कळतं. खालच्या पन्नास जणांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. डाळिंबाचं कॅरेट घेताना आपण वरचा थर बघून भाव ठरवतो का? हात घालून खालचं बघतोच की.

जुनी उदाहरणं बघा. 2013 ला क्लीव्हलंडने पहिल्या नंबरवर अँथनी बेनेट घेतला, पहिल्या सीझनला त्याची सरासरी 4.2 पॉइंट, आणि चार सीझनमध्ये चार टीम बदलून पोरगा एनबीएच्या बाहेर. त्या क्लासला, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या पोरांना, लोक आजही हसतात. पण त्याच क्लासमध्ये 15 व्या नंबरला यानिस आंतेतोकुम्पो होता, दोनदा एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू), आणि 2021 च्या फायनलच्या शेवटच्या मॅचला 50 पॉइंट मारून मिलवॉकीला जिंकवणारा. 27 व्या नंबरला रुडी गोबेर होता, चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. मग हा क्लास कमजोर म्हणायचा का भारी? 2020 चं पण तेच, तेव्हाही ओरड होती की काही दम नाही, आणि 12 व्या नंबरला टायरीस हॅलिबर्टन निघाला, 21 ला टायरीस मॅक्सी, 30 ला डेस्मंड बेन. हॅलिबर्टनने तर 2025 ला इंडियानाला फायनलपर्यंत नेलं.

आण्णांचा मुद्दा पण खोटा नाही, तो सांगायलाच पाहिजे. ते म्हणतात, "तू फक्त चांगली उदाहरणं सांगालास, 2000 चं सांग की." आणि खरंय, 2000 चा क्लास खरोखरच कमजोर होता. केनियन मार्टिन पहिला गेला, तो एकदाच ऑलस्टार झाला, म्हणजे वर्षातून एकदा होणाऱ्या निवडक खेळाडूंच्या मॅचला निवडला गेला. अख्ख्या क्लासमधून तीनच ऑलस्टार, मार्टिन, मायकल रेड आणि जमाल मॅग्लोअर, प्रत्येकजण एकेकदाच, आणि तिघंही 2004 च्या एकाच मॅचला. तिथं खाली हात घालून सुद्धा यानिस सापडला नाही. तरी जमाल क्रॉफर्ड त्याच वर्षीचा, तीनदा सिक्स्थ मॅन ऑफ द इयर (बाकावरून येऊन खेळणाऱ्यांतला सगळ्यात भारी), हे मी आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "सिक्स्थ मॅनच ना." आता ह्याच्यावर काय बोलायचं.

तर 2024 वाले 2013 सारखे निघतील का 2000 सारखे, ह्यासाठीच मी सीझनभर बघत बसलो.

पहिला रिसाशे. खोटं बोलणार नाही, सुरुवातीला त्याच्याकडे बघून मला पण वाटलं की हा पहिला नंबर कसा. पण नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क निक्सच्या विरुद्ध 33 मारले तेव्हा त्याचा खेळ नीट दिसला. हा पोरगा बॉल हातात नसताना चांगला आहे. कापून आत येतो, कोपऱ्यात योग्य वेळी उभा राहतो, उंची आहे, मन लावून डिफेन्स करतो. सीझनची सरासरी 12.6 पॉइंट. पहिल्या नंबरला एवढंच का, असं कुणी विचारलं तर हो, पहिल्या नंबरसाठी कमीच आहे. पण चांगल्या टीममध्ये दहा वर्षं सुरुवातीच्या पाचात खेळेल असा माणूस आहे तो.

सारचं मला अजून कळत नाही. सात फूट, पाय हलके, ब्लॉक मस्त मारतो, आणि मग बाहेरून थ्री (लांबून टाकायचा तीन पॉइंटचा शॉट) टाकत बसतो जे 30 टक्क्यांच्या आसपास पडतात. रिंगखाली जा ना बाबा.

मला सगळ्यात जास्त पैसे वसूल करून दिले ते स्टीफन कॅसलने. चौथ्या नंबरला सॅन अँटोनिओने घेतलेला, त्याआधी कनेटिकटकडून कॉलेजची चॅम्पियनशिप जिंकून आलेला. रूकी ऑफ द इयर तोच झाला, 14.7 ची सरासरी, आणि आदल्या वर्षी तोच अवॉर्ड वेम्बन्यामाला, म्हणजे एकाच टीमचे सलग दोन. पण मी आकड्यासाठी नाही म्हणत, छोटी मॅच लावून फक्त कॅसलच्या डिफेन्सवर नजर ठेवा. समोरच्या टीमचा सगळ्यात भारी गार्ड त्याच्या अंगावर असायचा, आणि वीस वर्षांचा पोरगा छाती लावून उभा. नोव्हेंबरचा कॅसल आणि मार्चचा कॅसल वेगळेच वाटतात, आत घुसून धक्का घेऊन फ्री थ्रो काढायला तो आपल्या डोळ्यासमोर शिकला. हायलाइटमध्ये तुम्हाला डंक दिसतील, हे शिकणं नाही दिसणार. त्याच्यासाठी पूर्ण सीझन हाताशी पाहिजे, आणि लीग पासचे पैसे मला तिथं लागू झाले.

मग खालचा थर. 16 व्या नंबरला फिलाडेल्फियाने घेतलेला जॅरेड मकेन. 14 नोव्हेंबरला आपल्याकडे सकाळी त्याची क्लीव्हलंडविरुद्धची मॅच होती, तेव्हा क्लीव्हलंड एकही मॅच हरलेली नव्हती, आणि ह्याने 34 मारले. टीम हरली पण पोरगा घाबरला नाही. 23 मॅचमध्ये 15.3 ची सरासरी होती, सगळ्या रूकींच्या पुढे, आणि डिसेंबरमध्ये गुडघा गेला, सीझन तिथंच संपला. फार वाईट वाटलं. तो फिट राहिला असता तर अवॉर्डची चर्चा वेगळी झाली असती असं मला आजही वाटतं.

17 व्या नंबरला लॉस एंजेलिस लेकर्सने घेतलेला डाल्टन नेक्ट. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, 20 नोव्हेंबरला, सुट्टी होती म्हणून आम्ही तिघं-चौघं माझ्याकडेच जमलेलो, मतदान करून आलो आणि ही मॅच लावली, युटाविरुद्ध. नेक्टने 37 मारले, त्यात 9 थ्री, रूकीच्या एका मॅचमधल्या रेकॉर्डची बरोबरी. घरात नुसता आरडाओरडा. आण्णा पण उठून उभे राहिले, हे मी लिहून ठेवालोय. फेब्रुवारीत त्याला शार्लटला देऊन टाकलं आणि नंतर ती ट्रेडच (टीमनी केलेली खेळाडूंची अदलाबदल) रद्द झाली, म्हणून परत लेकर्समध्ये. तेवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय गेलं असेल त्या आठवड्यात.

आणि जेलन वेल्स. ह्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. मेम्फिसने 39 व्या नंबरला घेतलेला, म्हणजे दुसऱ्या राउंडचा, कॉलेजची सुरुवात सोनोमा स्टेटसारख्या डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या पातळीच्या, कॉलेजातून. हा पोरगा ऑल रूकी फर्स्ट टीममध्ये (वर्षातले सगळ्यात भारी पाच रूकी) आला, कॅसल, रिसाशे, सार आणि नववा आलेला झॅक इडी यांच्या बरोबरीने. एप्रिलमध्ये हवेतून वाईट पडला, मनगट मोडलं, स्ट्रेचरवरून नेला. ते मी परत बघितलं नाही आणि तुम्हीही बघू नका. पण त्याच्या आधीच्या मॅच बघा. युटाचा आयझाया कॉलियर, 29 वा, त्याने युटाच्याच जुन्या दिग्गज जॉन स्टॉक्टनचा टीममधला रूकी असिस्टचा (बास्केट करून देणाऱ्या पासचा) रेकॉर्ड मोडला. स्टॉक्टनचा! टीम हरत होती म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

टीमच्या बाजूने पण विचार करा. पहिल्या राउंडच्या रूकीचा पगार नंबरनुसार ठरलेला असतो, पहिली दोन वर्षं पक्की आणि पुढची दोन टीमच्या मर्जीवर. म्हणजे सोळाव्या-सतराव्या नंबरचा पोरगा चांगला निघाला तर चार वर्षं स्वस्तात चांगला माणूस मिळाला. सुपरस्टार नसलेला क्लास टीमसाठी वाया जात नाही, फक्त पोस्टरवर लावायला चेहरा मिळत नाही. आपण फॅन लोक पोस्टर शोधतो आणि क्लासला नावं ठेवतो.

ह्या क्लासला मी आज 5 पैकी 3 देतो. वर दम कमी, मधल्या फळीत भरपूर माल. तिसऱ्या नंबरचा रीड शेपर्ड पहिल्या वर्षी बाकावरच बसून राहिला, जो कॉलेजला 52 टक्के थ्री मारून आलेला, त्याच्याबद्दल एका सीझनवरून निकाल लावणं मला पटत नाही. लीग पासला 5 पैकी साडेचार. फक्त फायनल आणि प्लेऑफ बघणाऱ्याने घेऊ नका, पैसे अंगावर येतील. ज्याला एखादा पोरगा ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कसा घडतो ते बघायचंय, आणि विशेष करून आपल्या इथं जे पोरांना कोचिंग देतात, त्यांनी नक्की घ्या. शाळेच्या पोरांना कॅसलचे पाय दाखवा, डिफेन्समध्ये बसतो कसा ते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी कोर्टवर उभं राहवत नाही, तेव्हा पोरांना बसवून दाखवायला ह्याच्याएवढं चांगलं काही नाही, फक्त लाईट असली पाहिजे.

आण्णांशी आमचं शेवटचं बोलणं असं झालं की कॅसलचा थ्री पहिल्या वर्षी 28.5 टक्के पडला, तो दोन-तीन वर्षांत 35 च्या वर गेला तर ह्या क्लासला स्टार मिळाला असं ते मान्य करतील. नाही गेला तर 2000 च्या शेजारी बसवायचं म्हणाले. मला वाटतं जाईल, त्याच्या फ्री थ्रोचा हात बघून वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते खाली लिहा, पण आधी मॅच बघून लिहा.