फ्युचर्समध्ये स्टॉपलॉस: एसएल की एसएल-एम?

समजा, एका शेअरचं फ्युचर (पुढच्या तारखेचा, आज भाव ठरलेला करार) १५०० ला घेतलंय, लॉट (एका करारातले शेअर) ५०० चा. १४७० च्या खाली थांबायचं नाही, म्हणून तोटा तिथे रोखणारी स्टॉपलॉस ऑर्डर लावायची. एसएल (स्टॉपलॉस-लिमिट) ऑर्डरमध्ये दोन भाव टाकावे लागतात: ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) १४७० आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही), समजा, १४६८. एसएल-एममध्ये (स्टॉपलॉस-मार्केट) फक्त ट्रिगर. तो लागला की समोर जो भाव असेल त्याला विक्री.

बाजार निवांत असला तर फरक जेमतेम. पण भर दुपारी तिमाही निकाल आले आणि भाव थेट १४५५ वर आला, तर? एसएल-एमवाला तिथेच कुठेतरी बाहेर पडतो: ४५ रुपये, म्हणजे लॉटमागे साडेबावीस हजार गेले. एसएलवाल्याची ऑर्डर मात्र १४६८ ला लटकलेली. भाव १४३० झाला तरी सौदा अंगावरच, आणि तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता.

म्हणून चालू महिन्यात संपणाऱ्या, भरपूर उलाढालीच्या फ्युचरला माझं मत एसएल-एमला. पुढच्या महिन्यांत संपणाऱ्या फ्युचरला खरेदीदार तुरळक, तिथे एसएलच बरी. फक्त लिमिट ट्रिगरला चिकटून ठेवू नका. बीएसईने एसएल-एम २०२३ मध्ये बंदच केली, हा पर्याय एनएसईपुरता. आणि दोन्ही ऑर्डरी त्या दिवसापुरत्याच. उद्या सकाळी पुन्हा टाकायच्या.