घरातला गाण्यांचा सर्व्हर: आठ महिने वापरल्यानंतर

मिरजेच्या घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेल्या बाबांच्या २६० कॅसेटी खाली आल्या. निम्म्या विकतच्या, निम्म्या रेडिओवरून आणि मैफलींत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेल्या. या दुसऱ्या निम्म्या कुठल्याही ॲपवर मिळणार नाहीत. माझ्याकडे पुण्यात ३८० सीडी होत्या आणि सीडी घालायला जागाच नसलेला लॅपटॉप. हे सगळं एका जागी आणून हॉलमध्ये, फोनवर आणि नाशिकला ताईकडे ऐकता यावं, एवढीच अपेक्षा होती.

आधी चूक सांगतो. घरात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पडून होता. त्याला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क जोडल्या, एक गाण्यांची आणि एक प्रतीची. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच करंट मिळतो, हे मला नंतर कळलं. दोन्ही डिस्क एकदम फिरायला लागल्या की टक् टक् आवाज यायचा आणि एक डिस्क गायब व्हायची. त्यात एके दुपारी वीज तीनदा गेली-आली आणि मेमरी कार्डाने मान टाकली. पायला दोष देणार नाही. स्वतंत्र वीज घेणारी डिस्क आणि बरा ॲडॅप्टर लावला असता तर तो अजूनही चालला असता. पण घरातल्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. "त्यापेक्षा टेपरेकॉर्डर बरा होता," असं बाबा दोनदा म्हणाले.

मग ऑफिसांतून बाहेर पडलेला जुना मिनी पीसी घेतला. थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी ही सगळी एकाच कुळातली, जाडजूड शब्दकोशाएवढी यंत्रं. यातलं अमुकच घ्या असं मी म्हणणार नाही. जे चांगल्या स्थितीत मिळेल ते घ्यावं. माझ्यात सातव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीचा छोटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे. ११,५०० रुपये पडले. ही यंत्रं स्वस्त होण्याचं एक कारण साधं आहे: सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांना ती नकोशी झाली. विंडोजऐवजी डेबियन लिनक्स टाकणाऱ्याला त्याचं काय! गाणी वाजवायला लागते ती ताकद याच्यात दसपट आहे.

नव्यात इंटेल एन१०० प्रोसेसरचे छोटे डबे मिळतात, तेही या कामाला उत्तम. पण मला आत अडीच इंची डिस्कची जागा हवी होती, आणि ती त्या पैशांत मिळणाऱ्या प्रत्येक डब्यात असतेच असं नाही.

खरा खल झाला तो साठवणीवर. मित्राचा आग्रह दोन डिस्कच्या नॅसचा, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायच्या साठवणीच्या पेटीचा: एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर उमटतं, एक गेली तरी दुसरी आहेच. मी ते घेतलं नाही. हॉलमध्ये, टीव्हीखालच्या फडताळात साडेतीन इंची दोन डिस्क फिरत असताना विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटं ऐकून बघा, म्हणजे कारण कळेल. तानपुऱ्यात एक जादा तार लागल्यासारखं वाटतं. म्हणून आत २ टीबीचा साटा एसएसडी टाकला. तो कॉम्प्युटरपेक्षा महाग पडला.

वेगासाठी एसएसडी घेऊ नका. सीडीच्या दर्जाचं संगीत कच्च्या रूपात सेकंदाला १,४११ किलोबिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावता आवळलेल्या फाइलीत, त्याचं निम्म्याच्या आसपास होतं. हे पुरवायला वीस वर्षांपूर्वीची डिस्कही पुरेल. मी पैसे मोजले ते शांततेसाठी.

आणि मापात मी चुकलो. सगळ्या सीडी मिळून १२० जीबीच्या आसपास बसल्या. आतापर्यंत १४५ कॅसेटी झाल्या. त्यांच्या ऐकायच्या प्रती ६० जीबी, मूळ रेकॉर्डिंगं १६० जीबीच्या घरात. उरलेल्या ११५ आल्या तरी एकूण ६०० च्या पुढे जात नाही. १ टीबी आरामात पुरला असता. आपल्याकडे गाणी आहेत किती हे न मोजता डिस्क घ्यायला गेलं की असं होतं.

मूळ रेकॉर्डिंगं एवढी फुगली त्याला माझी हौस कारणीभूत आहे. पहिल्या तीस कॅसेटी मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर भरल्या. फ्लॅकने त्या फारशा आवळल्याच जाईनात. विचार केल्यावर लक्षात आलं: खालचे सगळे बिट टेपची खरखर इमानेइतबारे जपत होते, आणि खरखर आवळता येत नाही. साध्या कॅसेटचा सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला फरक ५०-६० डेसिबलच्या आसपास, आणि १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात. आता मी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरतो, म्हणजे पातळी चुकली तरी सावरायला जागा राहते, आणि ऐकायची प्रत १६ बिटांची करतो.

त्याहून मोठा फरक पडला तो एका स्क्रू-ड्रायव्हरने. कॅसेट डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, हेडचा कोन बदलणारा. बाबांचा टेपरेकॉर्डर आणि माझा डेक यांचे कोन जुळत नव्हते, म्हणून सगळं कांबळं पांघरून गायल्यासारखं येत होतं. कॅसेट चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवला आणि तानपुऱ्याची जवार एकदम उघडली. बाबा आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. दर कॅसेटला हे करावं लागतं, कंटाळा येतो, पण ते टाळू नका. ए बाजू संपल्यावर तुटलेली तान आणि बी बाजूची सुरुवात ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये जोडणं हे त्यानंतरचं काम. मधला तुकडा कॅसेट उलटताना गेला तो गेलाच.

सॉफ्टवेअर दोन ठेवलीत, एकाच फोल्डरवर. हॉलसाठी लिरियन म्युझिक सर्व्हर. हे लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्सचं जुनं सॉफ्टवेअर. ते खोके बंद होऊन जमाना झाला, पण सॉफ्टवेअर लोकांनी जिवंत ठेवलंय. मिनी पीसीला यूएसबी डॅक (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल असा करणारा डबा), तिथून ॲम्प्लिफायर. फोनसाठी आणि ताईसाठी नॅव्हिड्रोम, हे ॲपमधून गाणी ऐकवतं. आमच्या इंटरनेटवाल्याकडे घराला स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून आत येण्यासाठी टेलस्केल ही खासगी जोडणी वापरली. ताईच्या फोनवर गाणं ओपस या आवळलेल्या रूपात, सेकंदाला १२८ किलोबिटने जातं, मिनिटाला जेमतेम १ एमबी. दोन्ही चालू असताना २ जीबी रॅमसुद्धा भरत नाही.

डोकं उठवलं ते टॅगांनी, म्हणजे फाइलीत लिहिलेल्या गायक-रागाच्या माहितीने. भीमसेन जोशी माझ्या संग्रहात पाच निघाले: पंडित, पं., जी लावलेले, नुसते, आणि रोमन लिपीतले. बाबा मराठीत शोधतात, सीडीची माहिती रोमनमध्ये येते. शेवटी कलाकाराचं नाव सगळीकडे देवनागरीत, बिरुदाविना, असा नियम केला आणि राग 'प्रकार' या रकान्यात टाकला. हे मात्र फळलं. नॅव्हिड्रोममध्ये नियम लिहून आपोआप भरणारी यादी करता येते. आमच्याकडे 'सांज' नावाची यादी मारवा, पूरिया, श्री, यमन एवढंच उचलते. सकाळची वेगळी आहे. बाबांना ॲपमधलं दुसरं काहीही येत नाही आणि लागतही नाही.

याच टॅगांच्या नादात एका रात्री पिकार्ड या टॅग लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली निवडलेल्या असताना मी कलाकाराचं नाव बदललं आणि सेव्ह दाबलं. १,९०० फाइलींत एकच गायक. आरसा धरणाऱ्या त्या दोन डिस्क असत्या तर दोन्हींवर त्याच क्षणी तोच गोंधळ उमटला असता. वाचवलं ते कपाटातल्या साध्या यूएसबी डिस्कने. ती फक्त रविवारी जोडतो, आरसिंक या प्रोग्रामने प्रत घेतो आणि काढून ठेवतो. खरोखर चालवण्याआधी तोच हुकूम ड्राय-रन लावून बघतो, म्हणजे काय पुसलं जाणार ते आधी दिसतं. तिसरी प्रत नाशिकला ताईकडे; दिवाळीला आणि मे महिन्यात बदलतो.

विजेचं म्हणाल तर प्लगमध्ये लावायच्या मीटरवर ९ वॉट दिसतात, नवी गाणी वाचून घेताना १५. चोवीस तास चालू ठेवून महिन्याला साडेसहा युनिट. माझा जुना टॉवर ५५ वॉट खायचा, म्हणजे महिन्याला चाळीसएक युनिट.

वीज गेली की पहिले दोन महिने मिनी पीसी बंदच पडायचा. इन्व्हर्टर असून! इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं, म्हणजे वीज जाताच झटकन बॅटरीवर नेणारं, बटण असतं, ते आमच्याकडे कधी कोणी हलवलंच नव्हतं. ते फिरवल्यावर प्रश्न मिटला. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हेही लावलं. तरी एकदा इन्व्हर्टरचीच बॅटरी बसली आणि वीज आल्यावरही यंत्र उठेना. घड्याळ २०१७ सालात गेलेलं, बायोस कोरं. आतला सीआर२०३२ चा नाण्याएवढा सेल संपला होता. वापरलेलं यंत्र घेताना तो पहिल्याच दिवशी बदलून टाका, वडापावाच्या पैशांत येतो.

पंख्याचा आवाज रात्री कान लावला तरच येतो. दर दोन महिन्यांनी ब्रशने धूळ काढतो.

सध्या कॅसेटींचं काम थांबलंय. पाऊस सुरू झाल्यावर काढलेल्या एका डब्यातल्या सात कॅसेटींच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, आणि तशी फीत डेकमध्ये घातली की ती हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. त्या सात वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलबरोबर ठेवल्यात. त्यांतल्या एकीवर बाबांच्या अक्षरात फक्त 'आई, ओव्या' असं लिहिलंय.