जुन्या चित्रपटांसाठी घेतलेला प्रोजेक्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

या प्रोजेक्टरचे लुमेन, पोर्ट आणि स्पीकर यांची माहिती सगळीकडे उपलब्ध असल्यामुळे तिची उजळणी करत नाही. मी तो एकाच कामासाठी घेतला. महिन्यातून एकदा पुण्यात आमच्या घरी चित्रपटवेडी मित्रमंडळी जमतात आणि ज्याची पाळी असेल तो आपल्या आवडत्या दिग्दर्शकाचा चित्रपट इतरांना दाखवतो. नेमक्या याच कामात त्याचा असा दोष समोर आला की बाकीचे सगळे गुण मला दुय्यम वाटू लागले.

यातला प्लेअर कोणत्याही मापाचे चित्र १६:९ च्या (रुंदी १६, उंची ९ या प्रमाणातल्या) पडद्यावर काठोकाठ भरतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक बोलपट मात्र १.३७:१ या, चौरसाच्या बऱ्याच जवळ जाणाऱ्या चौकटीत चित्रित झालेले आहेत. असे चित्र रुंदी भरेपर्यंत मोठे केले की वरचा आणि खालचा भाग पडद्याबाहेर जातो, आणि हिशेब केला तर चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा नाहीसा होतो. सबटायटल वरून वेगळी चढवलेली असल्यामुळे शाबूत राहतात, त्यामुळे चित्रपट आधी पाहिलेला नसेल तर काही कापले गेले आहे याचा पत्ताही लागत नाही.

आम्हाला तो लागला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’च्या (१९५३) वेळी. ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली ठेवलेला असतो आणि तो क्वचितच हलतो. त्यामुळे बसलेले माणूस उठून उभे राहिले की त्याचे डोके चौकटीच्या वरच्या कडेपाशी पोहोचते, आणि तेवढी जागा दिग्दर्शकाने आणि छायालेखक युहारु अत्सुता यांनी विचारपूर्वक सोडलेली असते. आमच्या भिंतीवर उभी माणसे कपाळापाशी कापली जात होती आणि खालची जमीन गेल्यामुळे कॅमेरा इतका खाली का ठेवला आहे हेच कळेनासे झाले होते. ज्या मैत्रिणीने हा चित्रपट आपला सर्वांत आवडता म्हणून निवडला होता, तिने अर्ध्या तासातच तो बंद करायला सांगितले, आणि माझ्या मते तिचे अगदी बरोबर होते. आपल्या आवडत्या दिग्दर्शकाची ओळख करून द्यायची तर त्याने आखलेली चौकट तरी पूर्ण दिसली पाहिजे.

सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून दिलेली ही सोय आहे, असे उत्तर मिळाले. पुन्हा तक्रार केल्यावर वॉरंटी चालू असतानाही तपासणीचे पैसे मागितले गेले. ते मी दिले नाहीत आणि देणारही नाही, कारण बिघाड माझ्या वापरातून झालेला नाही. उपाय शेवटी घरातच सापडला: जुना लॅपटॉप एचडीएमआयने जोडून त्यावरून चित्रपट लावला की चौकट पूर्ण दिसते. पण आतल्या प्लेअरचेही पैसे किमतीत मोजलेले असताना खोलीभर तारा पसराव्या लागणे मला मुळीच पटत नव्हते.

त्यानंतर आलेल्या अपडेटमध्ये ‘मूळ आकार’ असा पर्याय मिळाला आणि माझे मत बरेच बदलले. त्यावर आम्ही प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लावला. दामले-फत्तेलाल यांनी योजलेली माणसांची मांडणी आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की पुढचा कितीतरी वेळ आम्ही केवळ त्यांच्या डोळ्यांविषयी बोलत होतो. कृष्णधवल चित्रात निळसर झाक नाही, ही या यंत्राची खरी जमेची बाजू आहे. ऑटो कीस्टोन, म्हणजे तिरके पडणारे चित्र आपोआप सरळ करणारी सोय, बंद करून यंत्र पडद्यासमोर अगदी सरळ ठेवले, तर अक्षरे आणि चेहऱ्यांच्या कडाही अधिक रेखीव होतात.

पूर्ण समाधान मात्र अजून नाही. यंत्र बंद करून चालू केले की हा पर्याय पुसला जातो आणि पुन्हा काठोकाठ चित्र सुरू होते. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोप (खूप रुंद चौकटीच्या) चित्रपटाच्या वेळी वीज जाऊन आली आणि हेच झाले. फक्त इथे कात्री डाव्या-उजव्या बाजूंना लागली. ‘वक्त ने किया’ या गाण्यात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून रिकाम्या स्टुडिओत उभा केलेला तो झोत आणि त्याच्याभोवतीचा विस्तीर्ण अंधार हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. दोन्ही बाजूंचा अंधार कापला गेला की नायक-नायिकेमधले अंतर पूर्वीइतके जाणवत नाही. मेनूत चार पायऱ्या उतरून पर्याय पुन्हा निवडेपर्यंत गाणे निम्मे संपले होते.

पंख्याचा आवाज शांत प्रसंगांत ऐकू येतो, पण तो सहन होतो. स्पीकर कामचलाऊ आहेत.

या किमतीत घ्यायचाच असेल, तर दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक १९५५ पूर्वीचा आणि एक सिनेमास्कोप चित्रपट न्यावा, दोन्ही यंत्राच्या स्वतःच्या प्लेअरवर लावायला सांगावेत, आणि यंत्र एकदा बंद-चालू करून पुन्हा पाहावे. उभ्या माणसांची डोकी आणि रुंद चित्राच्या डाव्या-उजव्या कडा दोन्ही वेळा पूर्ण दिसल्या, तरच पैसे द्यावेत.