तयार साच्याचा ब्लॉग की स्वतंत्र बांधलेले संकेतस्थळ : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

सह्याद्रीतल्या रानफुलांविषयी मी 2013 पासून एका मोफत ब्लॉगमंचावर लिहीत होते. जानेवारी 2024 मध्ये त्याच मजकुरासाठी एका डेव्हलपरकडून स्वतंत्र संकेतस्थळ बांधून घेतले आणि पुढचे सोळा महिने ते जवळजवळ रोज वापरले. बांधणीला 48 हजार रुपये लागले, शिवाय होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेचे, वर्षाला साडेपाच हजार. ब्लॉगच्या काळात माझा सगळा खर्च म्हणजे डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, वर्षाकाठी हजारभर रुपये एवढाच होता.

ब्लॉग सोडण्यामागे दिसण्याचा प्रश्न नव्हता. ब्लॉगची मांडणी तारखेवर चालते, म्हणजे नवे वर आणि जुने खाली. फूल मात्र कोणी तारखेने शोधत नाही. कासच्या पठारावर उभ्या असलेल्या माणसाला एवढेच विचारायचे असते की, ओल्या कातळावर उगवलेले हे नखाएवढे निळे-जांभळे फूल कोणते. त्याला ‘सीतेची आसवे’ या नोंदीपर्यंत पोहोचवायचे तर रंग, महिना, अधिवास आणि तालुका अशा चार चाळण्या एकाच वेळी लावता यायला हव्यात. ब्लॉगवर माझ्या हाताशी होती ती लेबले. ‘जांभळा’ या लेबलावर टिचकी मारली की साठेक लेख तारखेच्या क्रमाने उलगडत आणि त्यांतले सप्टेंबरात फुलणारे कोणते, हे वाचकाने स्वतः शोधायचे.

साच्यांचा आणखी एक त्रास देवनागरीत लिहिणाऱ्यालाच कळतो. बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असल्यामुळे मथळ्यातल्या अक्षरांमध्ये शोभेसाठी जागा सोडलेली असते, आणि मराठी मथळा त्यात बसवला की शिरोरेषा दर अक्षराला तुटते. ओळींमधले अंतरही तोकडे असते, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना जाऊन भिडतात. अर्थात हे दोन्ही दोष साच्याच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, दोन ओळी बदलून मी स्वतःच दूर केले होते, तेव्हा केवळ त्यासाठी कोणी स्वतंत्र संकेतस्थळाचा खर्च करू नये. पानांच्या पत्त्यांचा प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. माझा मंच मथळ्यातली देवनागरी अक्षरे पत्त्यातून गाळून टाकत असे आणि मागे ‘ब्लॉग-पोस्ट’ व एखादा आकडा उरत असे. सुरुवातीच्या शंभरेक लेखांचे पत्ते असेच निनावी राहिले. वर्डप्रेस या दुसऱ्या मंचावर देवनागरी पत्ता टिकतो, पण त्याच्या सांकेतिक रूपात प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात आणि पत्त्याच्या त्या भागाला 200 चिन्हांची मर्यादा असल्याने बाविसाव्या चिन्हापाशी मथळा संपतो. नव्या संकेतस्थळावर मी सरळ रोमन लिपीतले छोटे पत्ते ठरवून घेतले.

स्वतंत्र बांधणीचा सर्वांत मोठा लाभ शोधपेटीत झाला. पहिल्या महिन्यात ‘पांढऱ्या’ हा शब्द टाकला असता गेंद या फुलाची नोंदच येत नव्हती, जरी त्या नोंदीत तो शब्द दोनदा लिहिलेला होता. कारण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकित होते. काही कळपाट त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, यंत्राला ते निराळे वाटतात. डेव्हलपरने शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेण्याची सोय तासाभरात लिहून दिली. तयार मंचावर अशा दुरुस्तीसाठी मला आत हातच घालता आला नसता.

आता उजवी बाजू झाली, डावी सांगते. जूनमध्ये मी एक लेख फोनवरच्या गप्पांतून उचलून ॲडमिन पॅनेलमध्ये चिकटवला आणि जतन केला. पान उघडले तर अर्धा लेख गायब. मजकुरात एक फुलाचे इमोजी राहिले होते आणि त्यापुढचे सगळे कापले गेले होते. मायएसक्यूएल या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीतला ‘यूटीएफ8’ नावाचा जुना चिन्हसंच एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, इमोजीला मात्र चार लागतात. दहा-अकरा वर्षे ब्लॉग चालवताना असले काही माहीत असण्याची मला गरज पडली नव्हती.

त्याहून महाग पडला तो सप्टेंबर. संकेतस्थळ पीएचपी या संगणकभाषेच्या 7.4 या आवृत्तीवर बांधलेले होते, जिचा अधिकृत आधार नोव्हेंबर 2022 मध्येच संपला होता. होस्टिंगवाल्यांनी ती आवृत्ती काढून नवी बसवली आणि ऐन बहराच्या दिवसांत, जेव्हा माझ्याकडे वर्षातले सर्वाधिक वाचक येतात, संकेतस्थळ नऊ दिवस कोरे पान दाखवत राहिले. होस्टिंगचे खाते डेव्हलपरच्या नावावर, ते स्वतः परगावी, आणि मला आत शिरायला वाट नाही. सूचनेचा ईमेल त्यांनाच गेला होता. मी त्यांना सर्वस्वी दोष देत नाही, कारण करारात देखभालीचा उल्लेख मीच करून घेतला नव्हता. बांधून झाले म्हणजे काम संपले, अशी माझी समजूत होती. सुदैवाने डोमेन 2016 पासून माझ्याच नावावर आहे. ते नसते, तर जुन्या 340 लेखांच्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे वाचकांना आपोआप वळवणेही शक्य झाले नसते.

साचा वापरणाऱ्यांनाही एक सावधगिरी सांगायला हवी. निघण्यापूर्वी मी ब्लॉगचा जो बॅकअप घेतला, त्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर पूर्ण होता, छायाचित्रांचे मात्र केवळ दुवे होते. अकराशे छायाचित्रे वेगळी उतरवून पुन्हा चढवण्यात दोन आठवडे गेले.

आजची व्यवस्था दुहेरी आहे. फुलांच्या नोंदी स्वतंत्र संकेतस्थळावर राहतात आणि भटकंतीचे लेख मी त्याच डोमेनच्या उपपत्त्यावर, पुन्हा मोफत ब्लॉगवर लिहू लागले आहे. कविता, प्रवासवर्णन, पाककृती किंवा चालू घडामोडींवर लिहिणाऱ्याला, म्हणजे ज्याचा मजकूर तारखेच्या क्रमाने वाचला तरी बिघडत नाही अशा प्रत्येकाला, मी तयार साचाच सुचवेन. ज्याच्याजवळ तक्त्यात मांडता येईल अशी सामग्री आहे, त्याने स्वतंत्र बांधणीचा विचार जरूर करावा. मात्र होस्टिंगचे खाते आपल्या नावावर घ्यावे, माहितीसाठ्याची प्रत दरमहा आपल्या संगणकावर उतरवावी आणि वार्षिक देखभालीचा दर आधीच लिहून घ्यावा. माझ्या नव्या करारात तो आठ हजार आहे, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आवृत्तीबदल करायचा नाही, अशी एक ओळ मी त्यात हाताने लिहून घातली आहे.