ग्रामपंचायतीचे दप्तर पाहायचे आहे: ग्रामसभा, माहिती अधिकार की सोमवार?

गल्लीतल्या सिमेंट रस्त्यावर नेमका किती खर्च झाला, हे कागदावर पाहू इच्छिणाऱ्या ग्रामस्थापुढे महाराष्ट्रात तीन वाटा आहेत.

पहिली ग्रामसभेची. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक असून मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही तिथे प्रश्न विचारता येतो. मात्र मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि झालीच तरी तोंडी उत्तराचा कागद हाती राहत नाही. हजेरीच्या सह्या आधी आणि इतिवृत्त सवडीने, ही रीत अनेक गावांत रुळलेली असल्याने प्रश्न लेखी देऊन पोच घेतलेली बरी.

माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, प्रतींना पानामागे 2 रुपये पडतात आणि उत्तर न आल्यास अपील करता येते. हे बळ इतर दोन वाटांना नाही. परंतु राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व 150 शब्दांच्या आत हवा, आणि ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले की ‘मागणी सुस्पष्ट नाही’ हे ठरलेले उत्तर येते.

म्हणून सुरुवात सोमवारपासून करावी, असे माझे मत आहे. पुणे महापालिकेने आधी अवलंबिलेली आणि 2018 च्या शासन आदेशाने जिल्हास्तर व त्याखालील कार्यालयांना लागू झालेली ही सोय म्हणजे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देणे. ठरावाचे पुस्तक उघडून आधी ‘ऐनवेळी येणारे विषय’ वाचावेत, कारण विषयपत्रिकेत नसलेला खर्च पुष्कळदा तिथेच मंजूर झालेला असतो. ठराव क्रमांक, तारीख आणि रोकडवहीतील नोंद टिपून घेतली, की नेमक्या त्याच पानांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज चार ओळींत होतो. कामाची मोजमाप पुस्तिका मात्र बहुधा पंचायत समितीच्या अभियंत्याकडे असते. तिच्यासाठी वेगळा अर्ज थेट तिकडेच करावा.

केवळ स्वतःच्या घराचा नमुना 8 चा उतारा (घराच्या कर आकारणीची नोंद) हवा असेल, तर यांपैकी कशाचीही गरज नाही. तो लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरावीक मुदतीत मिळतो.